रडायचं इंग्लिश

मंजुश्रीच्या गळ्यात गाढव पहिल्यांदा पडलं ते बीदर जिल्ह्यातल्या औरादच्या इंग्लिश शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात.

गाढव म्हणजे एक लाकडी पाटी होती. वीतभर लांब, सुतळी ओवलेली, आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं इंग्लिशमध्ये लिहिलेलं, आय ॲम अ डाँकी. पाचवीच्या वर्गात इंग्लिश सोडून दुसरं काही जो बोलेल त्याच्या गळ्यात ती जायची. मग त्यानं कान टवकारून बसायचं आणि दुसरं कुणी मराठी, कन्नड नाहीतर हिंदी बोललं की पाटी त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असेल त्याला प्रशांतकुमार सर व्हरांड्याच्या टोकाला उभं करायचे आणि पोटऱ्यांवर मारायचे. मारायला त्यांच्याकडं ठिबकच्या काळ्या नळीचा हातभर तुकडा होता. छडी मोडते, नळी मोडत नाही, असं ते एकदा हसत म्हणाले होते.

मंजुश्री तोवर आपल्या गावच्या, चिंताकीच्या सरकारी मराठी शाळेत होती. तिला इंग्लिश यायचं ते फळांची नावं, प्राण्यांची नावं आणि 'मे आय कम इन' एवढंच. वर्गातल्या बाकीच्यांनाही फारसं जास्त येत नव्हतं. त्यामुळं वर्गात कुणी बोलायचंच नाही. मधल्या सुट्टीतसुद्धा मुलं खुणा करून डबे उघडायची. कुणी बोललंच नाही तर गाढव हलणार कसं? ते ज्याच्या गळ्यात असायचं त्याच्याच गळ्यात राहायचं.

यावर वाट काढली ती शिवशरणनं. तो वर्गात सगळ्यात थोराड, कन्नड घरातला. बापाच्या बदलीमुळं एक वर्ष मागं पडलेला. त्याच्या गळ्यात गाढव सारखंच असायचं. एके दिवशी त्यानं कंपासमधलं कर्कटक काढलं आणि पुढच्या बाकावरच्या पोराच्या मांडीत खुपसलं. पोरगं कन्नडमध्ये आईच्या नावानं ओरडलं, "अय्यो, अव्वा!" शिवशरणनं गळ्यातली पाटी काढून शांतपणे त्याच्या गळ्यात घातली. सरांनी फळ्याकडून वळून पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

तेव्हापासून ती रीतच पडली. मंजुश्रीला हे कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीतून बाहेर बघत असताना तिच्या दंडात टोक घुसलं आणि ती किंचाळली, "आई गं!" वळून बघते तर शिवशरण तिच्या गळ्यात सुतळी अडकवत होता. त्या दिवशी दुपारभर तिच्या शेजारची चैत्रा तिच्याकडं बघून नुसती मान हलवत होती. सुटताना तिनं मार खाल्ला. पहिल्या फटक्याला काही कळलंच नाही. दुसऱ्या फटक्याला पोटरीतून कळ थेट डोक्यात गेली. ती खाली बसली तेव्हा सर म्हणाले, "स्टँड अप." हे तिला कळलं, म्हणून ती उभी राहिली.

घरी आईनं पाय धुताना वळ बघितले. तिनं शिवप्रसादला, मंजुश्रीच्या बापाला, हाक मारून दाखवले. शिवप्रसाद सोयाबीन आणि तुरीचा व्यापार करायचा, शेतीही होती. तो वाकून बघत राहिला.

"कामून मारले?" त्यानं विचारलं.

"मराठी बोलले म्हणून."

"मग नको बोलूस की मराठी."

आई म्हणाली, "अहो, लेकराच्या पायाचं सालटं निघालंय."

"निघू दे. माझ्या आईला हैदराबादच्या दवाखान्यात नेलो तवा डॉक्टर काय सांगायलाय ते मला कळंना. मी नुसता मान हलवायलो. ती बिचारी माझ्या तोंडाकडं बघत बघतच वारली. माझ्या लेकरावर ती पाळी येऊ द्यायची न्हाई मला." एवढं बोलून तो बाहेर गेला. आई हळद लावत बसली. आजोबा, श्रीपतराव, टीव्हीसमोर बातम्या बघत होते. त्यांनी आवाज कमी केला.

त्या रात्री पोटऱ्या ठणकत असताना मंजुश्रीच्या डोक्यात एक गोष्ट आली. इंग्लिश लोकांना टोचलं तर ते काय म्हणत असतील? ते काही आई गं म्हणत नसणार. ते कळलं तर मग कुणी कितीही टोचलं तरी गाढव आपल्या गळ्यात येणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं आजोबांकडून रिमोट मागून घेतला. डिशवर इंग्लिश चॅनेल खूप खालच्या आकड्यांना होते, ते घरात कुणी लावत नसे. एकावर कुस्ती चालली होती. तेल लावलेले दांडगे गडी एकमेकांना उचलून आपटत होते, लोखंडी खुर्च्या पाठीत घालत होते. दुसऱ्यावर गोळीबाराचा सिनेमा होता. तिसऱ्यावर कार्टून. ती काय गोष्ट आहे, कोण कुणाच्या मागं लागलंय याकडं तिचं लक्षच नव्हतं. ती फक्त कुणाला तरी लागायची वाट बघायची. लागलं की कान देऊन ऐकायची. दांडगे गडी नुसते 'आऽ' करायचे, ते तिच्या कामाचं नव्हतं. सिनेमात गोळी लागलेला माणूस 'नो, नो, प्लीज' म्हणाला आणि मेला. कार्टूनमध्ये एका पोराच्या बोटावर हातोडी पडली आणि पोरगं म्हणालं, "आउच!"

मंजुश्रीनं तो शब्द तोंडात घोळवला. आउच. छोटा होता, पटकन येण्यासारखा.

पण तो पटकन येईना. ती गोठ्यामागं जाऊन कर्कटकानं स्वतःच्या मांडीला टोचायची. मनात शब्द तयार ठेवायची, आणि तरी टोक आत गेलं की आधी 'आ' आणि मग 'ई'च यायची. स्वतःला टोचताना कधी टोचणार हे ठाऊक असतं, त्यानं काही होणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनं बाबूला धरलं.

बाबू तिचा धाकटा भाऊ. अंगणवाडीत जायचा. पुढं त्यालाही औरादलाच घालायचं ठरलं होतं. मंजुश्रीनं त्याला सांगितलं, "तू मला पाठीमागून टोच, मी तुला चिक्की देते." बाबूनं खुशीनं टोचलं. आठवडाभर तो तिच्या मागं मागं कर्कटक घेऊन फिरला. भाकरी खाताना, दप्तर भरताना, झोपेतसुद्धा त्यानं तिला टोचलं. आणि एका सकाळी चुलीपाशी पाणी घेताना त्यानं कमरेत टोक घातलं तेव्हा तिच्या तोंडून आधी आउच गेलं. मग आई आठवली.

ती इतकी हरखली की तिला वाटलं बाबूलाही शिकवून ठेवावं. त्याला पुढं मार नको. तिनं त्याला गोठ्यामागं नेलं आणि म्हणाली, "आउच म्हणायचं हं." त्याच्या पोटरीत टोचलं. तो "आई" म्हणून भोकाड पसरला. तिनं त्याचं तोंड दाबलं. "आई न्हाई. आउच." पुन्हा टोचलं. पुन्हा. बाबूचं तोंड लाल झालं, नाकातून शेंबूड यायला लागला. "आउच म्हण. म्हण की रे." तिलाही रडू यायला लागलं होतं, पण ती थांबली नाही. शेवटी त्यानं हुंदके देत "आउच" म्हटलं आणि तिनं त्याला पोटाशी धरलं. त्याच्या पोटरीतून रक्ताचे बारीक ओघळ घोट्यापर्यंत आले होते.

आईनं ते बघितलं. तिनं मंजुश्रीला केसाला धरून अंगणात आणलं आणि हाताला येईल तिथं मारलं. "राक्षसीण हायस का तू? काय करायलीस लेकराला?" मंजुश्री सांगायला बघत होती, की हे त्याच्याच भल्याचं आहे, पण आईच्या हाताला खंड नव्हता. त्या दिवसापासून बाबू आजोबांच्या पलीकडच्या कुशीला झोपू लागला. मंजुश्री जवळ आली की तो पाय पोटाशी घ्यायचा.

शाळेत मात्र तिचं काम झालं. शिवशरणनं तिला तिसऱ्या तासाला टोचलं आणि ती म्हणाली, "आउच." वर्ग तिच्याकडं वळला. शिवशरणनं पुन्हा टोचलं, जोरात. "आउच," ती म्हणाली. तो पाटी हातात घेऊन तसाच बसला. त्या दिवशी मार त्यानंच खाल्ला.

चैत्रानं तिला विचारलं, म्हणजे खुणेनंच विचारलं, हे कसं जमलं. चैत्राच्या बापाची, बसलिंगप्पाची, औरादच्या बाजारात पिठाची गिरणी होती. घरात कन्नड. मराठी मात्र ती मंजुश्रीसारखीच बोलायची, कारण गिरणीवर येणारी निम्मी माणसं मराठी. शाळेबाहेर व्हॅनची वाट बघताना दोघी भरभरून बोलून घ्यायच्या, दिवसभराचं साठलेलं. मंजुश्रीनं तिला पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि शिकवलं. चैत्राच्या तोंडून 'अव्वा' जायला बरेच दिवस लागले. तिच्या मांड्यांवर ठिपके ठिपके झाले होते. ती डोळे मिटून उभी राहायची आणि म्हणायची, "अजून टोच." मंजुश्री टोचायची.

मग बाकीचे आले. महिन्याभरात सगळा वर्ग आउच म्हणायला शिकला. प्रशांतकुमार सर एकदा मुख्याध्यापकांना सांगताना मंजुश्रीनं ऐकलं, की पाचवीची मुलं आता आपोआप इंग्लिशमध्ये रिॲक्ट होतात. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

पण गाढव तर रोज कुणाच्या तरी गळ्यात उरायचंच. टोचण्यानं भागेना तेव्हा मुलं आणखी पुढं गेली. कुणी कानशिलावरचे केस उपटले. कुणी बाकाची फळी बोटांवर पाडली. एका पोराच्या डोळ्यात खडूची पूड फुंकली. शिवशरणला तर सलग कितीतरी दिवस मार बसला. त्याच्या पोटऱ्यांवरची जुनी जखम भरायच्या आत नवी पडायची आणि तो चालताना टाच उचलून चालायचा. तरी तो रोज यायचा. घरी सांगितलं तर बापाचा पट्टा वेगळाच बसतो, हे तोच एकदा बोलून गेला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी गाढव चैत्राच्या गळ्यात होतं. मधल्या सुट्टीत दोघी टाकीमागं डबा खात होत्या. चैत्रानं गणिताच्या मॅडमची नक्कल केली. मॅडम चष्मा पुसताना तोंड वाकडं करायच्या, ते चैत्राला हुबेहूब जमायचं. मंजुश्रीला हसू आवरेना. घास घशात गेला, डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "गप गं, मरते मी."

चैत्रा हसायची थांबली. तिनं गळ्यातली पाटी काढली आणि मंजुश्रीच्या गळ्यात घातली.

मंजुश्रीला आधी वाटलं की ही गंमत आहे. मग चैत्राचा चेहरा बघून कळलं.

"तू?" ती म्हणाली.

"मलाबी मार खायचा न्हाई," चैत्रा अगदी हळू म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली.

दुपारभर मंजुश्री पाटी घेऊन बसली होती. तिनं कुणाकडं बघितलं नाही, कुणाला टोचलं नाही. शेवटची घंटा झाली. मुलं दप्तरं घेऊन दाराशी रांगेत उभी राहिली. दार लोखंडी, जाड पत्र्याचं होतं. ते नीट बसत नसल्यामुळं जोर लावून लोटावं लागायचं. बाहेर व्हरांड्याच्या टोकाला सर नळी घेऊन उभे होते. मंजुश्री दाराच्या मागं होती. तिच्या पुढं चैत्रा. चैत्रानं बुटाची लेस बांधायला एक पाय उचलला होता आणि तोल सावरायला उजवा हात चौकटीवर ठेवला होता, बिजागरीच्या बाजूला.

मंजुश्रीला ती बोटं दिसत होती. तिनं पाठ दाराला लावली आणि सगळं अंग लोटलं.

आवाज मोठा झाला नाही. सुपारी फुटल्यासारखा झाला.

"आउच," चैत्रा म्हणाली.

व्हरांड्यातून सरांचा आवाज आला, "गुड. गुड गर्ल."

चैत्राचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिचा हात अजून फटीत होता. ती दाराकडं बघत, जसं टाकीमागं शिकली होती तसंच, पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आउच. आउच. आउच." रक्त चौकटीवरून खाली यायला लागलं आणि तिच्या पांढऱ्या मोज्यात शिरलं.

"आई गं!" मंजुश्री किंचाळली. "चैत्राचं बोट! सर, चैत्राचं बोट तुटलं!"

दार कुणी तरी ओढलं. चैत्रा खाली बसली. सर धावत आले. त्यांच्या हातात नळी तशीच होती. ती त्यांनी टाकली, खिशातला रुमाल काढला आणि चैत्राच्या हाताभोवती गुंडाळायला लागले. गाठ बसेना. मग त्यांनी तिला उचललं, मोटरसायकलवर पुढं बसवलं आणि दवाखान्याकडं नेलं. मधल्या बोटाचं टोक चौकटीत राहिलं होतं, नखासकट. बाकी मुलं भिंतीला चिकटून उभी होती. शिवशरणनं ते उचललं, आपल्या टायमध्ये गुंडाळलं आणि टाच उचलत मोटरसायकलच्या मागं पळत सुटला.

औरादच्या डॉक्टरांनी बीदरला न्यायला सांगितलं. बीदरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि बोट जोडता येणार नाही म्हणाले. हाड चुरलं होतं.

शाळेत सांगितलं गेलं की वाऱ्यानं दार आपटलं.

मंजुश्रीनं घरी काहीच सांगितलं नाही. जेवली नाही, तेव्हा आईनं कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. सकाळी ती नेहमीसारखी व्हॅनमध्ये बसून शाळेत गेली, कारण न जायला काय कारण सांगायचं ते तिला सुचलं नाही.

प्रार्थना संपता संपता बसलिंगप्पा फाटकातून आत आला. अंगावर पिठानं माखलेला बनियन होता, रात्रभर बीदरला बसून तो तसाच आला होता. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. व्हरांड्यात जाऊन तो प्रशांतकुमार सरांसमोर उभा राहिला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "नळी कुठाय?"

सर म्हणाले, "प्लीज, ऑफिसमध्ये बसून बोलू."

बसलिंगप्पानं त्यांच्या मुस्कटात मारली. चष्मा लांब उडाला. मग त्यानं वर्गात शिरून टेबलाच्या खणातून नळी काढली, बाहेर आला आणि मारायला सुरुवात केली. पाठीवर, खांद्यावर, सरांनी डोकं धरलं तर हातांच्या बोटांवर. नळीचा आवाज सगळ्या मुलांना ओळखीचा होता. सर गुडघ्यावर आले. ओठ फुटला होता आणि शर्टावर रक्त सांडत होतं. ते ओरडले नाहीत. नुसता प्रत्येक फटक्याला श्वास बाहेर टाकत होते. मुख्याध्यापक आणि शिपाई मध्ये पडले तर बसलिंगप्पानं शिपायाला कोपरानं ढकलून दिलं. रांगेतली लहान मुलं रडायला लागली. पाचवीतलं मात्र कुणी रडत नव्हतं.

एवढ्यात शिवशरण रांगेतून बाहेर आला आणि त्यानं बसलिंगप्पाचा बनियन मागून धरला. "होडीब्याडरी काका," तो म्हणत होता, "होडीब्याडरी." मारू नका. बसलिंगप्पानं झटकलं तरी त्यानं सोडलं नाही. "तुम्ही आज माराल. उद्या सर आम्हालाच मारतील."

बसलिंगप्पाचा हात थांबला. त्यानं वळून पोराकडं पाहिलं, मग खाली त्याच्या पोटऱ्यांकडं. त्यानं नळी टाकली आणि तिथंच व्हरांड्याच्या पायरीवर बसून तोंडात बनियनचा बोळा घालून रडू लागला.

सरांनी पोलिसात तक्रार दिली. पोलिसांनी बसलिंगप्पाला धरून ठाण्यात नेलं. त्यानं पाटीचं सांगितलं, तर शाळेनं अशी कुठली पाटीच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात ती नव्हतीच. मुलांच्या आईबापांना फोन गेले. कुणीही ठाण्यात यायला तयार होईना.

शाळेचे मालक बसवंतप्पा चिंताकीला मंजुश्रीच्या घरी आले. पांढरे कपडे, गोड बोलणं. त्यांनी चहा घेतला. म्हणाले, "शिवप्रसाद, पोरगी हुशार हाय. सर सांगतात, सगळ्या वर्गाला तिनंच पुढं आणलं. आता त्या दिवशी दाराच्या मागं तीच होती म्हणे. मी काय कुणाला बोललो न्हाई. वारा होता. लेकरं गप राहिली तर सगळ्यांचं बरं."

ते गेल्यावर शिवप्रसादनं दार लावून घेतलं. मग त्यानं लेकीला समोर बसवलं. "दार तू लोटलीस?"

"व्हय."

"मुद्दाम?"

"व्हय. माझ्या गळ्यात गाढव होतं."

त्यानं हात उगारला. मंजुश्रीनं डोळे मिटले आणि मान आत घेतली. तिच्या तोंडून बारीक आवाजात "आउच" निघालं, अजून तर त्यानं मारलंही नव्हतं. शिवप्रसादचा हात वरच राहिला. तो तिच्याकडं बघत राहिला, मग हात खाली घेऊन म्हणाला, "आता गप राहायचं. कुणाला काय बोलायचं न्हाई. कळलं का?"

"बसलिंगप्पाकाकांना जेलात घालतील?"

"ते त्यांचं ते बघतील."

श्रीपतराव टीव्ही बघत नव्हते. टीव्ही बंदच होता. ते म्हणाले, "पोरीला विचार की तिला काय करायचंय."

"अप्पा, तुम्ही मध्ये पडू नका. तिच्या नावावर लागंल हे."

"लागू दे. लागायचं ते लागूनच गेलंय." म्हातारा उठला आणि त्यानं टोपी घातली. "मंजू, ठाण्यात जायचं का?"

मंजुश्री बापाकडं बघत होती. तो मान खाली घालून बसला होता. ती म्हणाली, "जायचं."

शेवटी शिवप्रसादही मागोमाग आला.

ठाण्यात साहेबांच्या जागी एक बाई होत्या. त्यांनी मंजुश्रीला खुर्ची दिली आणि विचारलं, "कुठल्या भाषेत सांगतीस?"

मंजुश्रीनं आजोबांकडं पाहिलं. "मराठीत येतंय मला सांगायला."

"सांग. मला समजतंय. मी कन्नडमध्ये लिहून घेते."

मंजुश्रीनं सांगायला सुरुवात केली. पाटी, नळी, कर्कटक, टीव्हीवरचं आउच, बाबू, टाकीमागची जागा. मध्येच ती इतकी भरभर बोलायला लागली की बाईंना तिला थांबवावं लागलं. भिंतीशी बाकावर बसलिंगप्पा बसला होता. दाराचं आलं तेव्हा तिनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "दार वाऱ्यानं लागलं न्हाई. मी लोटले. मला चैत्राची बोटं दिसत होती."

बसलिंगप्पा उठला. दोन ढांगांत तो तिच्यापाशी आला. श्रीपतराव खुर्चीच्या पुढं उभे राहायला गेले, पण त्यांच्या आधी शिवप्रसाद मध्ये आला. बसलिंगप्पानं त्याच्या कानफटात मारली. पुन्हा मारली. शिवप्रसादची टोपी पडली, ओठातून रक्त आलं. त्यानं हात उचलला नाही आणि जागचा हललाही नाही. हवालदारानं बसलिंगप्पाला धरून मागं ओढलं.

"बसा," बाई म्हणाल्या. "सगळे बसा. पोरगी अजून बोलायलीय."

पुढं काय झालं ते हळूहळू झालं. एकीनं सांगितलं म्हटल्यावर शिवशरणच्या आईनं पोराला ठाण्यात आणलं आणि त्याच्या विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. मग आणखी दोघं तिघं आले. प्रशांतकुमार सरांनी तक्रार मागं घेतली आणि त्यांना शाळेतून काढलं. त्यांच्यावर केस झाली, ती अजून चालूच आहे. त्यांच्या जागी नवीन मॅडम आल्या. त्या मारत नाहीत असं शिवशरण म्हणाला. तो तिथंच राहिला. बाबूला मात्र औरादला घालायचं शिवप्रसादनं रद्द केलं. मंजुश्री चिंताकीच्या शाळेत परत आली. तिथल्या गुरुजींनी पहिल्या दिवशी तिला धडा वाचायला सांगितला तर ती उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्दच निघेना. मराठी नाही आणि इंग्लिशही नाही. गुरुजी म्हणाले, बस, सवडीनं वाच. ती वाचायला लागली ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर.

त्याच सुमारास ती आजोबांबरोबर औरादला चैत्राच्या घरी गेली. जायचं तिनंच काढलं होतं. चैत्राच्या आईनं दार उघडलं, दोघांना पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळानं चैत्रा ओसरीवर आली. जखम भरली होती. मधलं बोट शेजारच्यापेक्षा आखूड झालं होतं आणि त्याचं टोक गुलाबी, चकचकीत होतं.

"मी नाव घेतले न्हवते तुझं," चैत्रा म्हणाली. "दवाखान्यातबी न्हाई. आधी मीच घातले तुझ्या गळ्यात, म्हणून."

मंजुश्री तिच्या बोटाकडं बघत होती.

"तू कामून सांगितलीस?"

"तुझ्या अप्पांना धरून नेले म्हणून."

चैत्रानं डाव्या हाताची मूठ वळली आणि तिच्या पाठीत घातली. मग पुन्हा, आणि पुन्हा. जोर होता तिच्या हातात. मंजुश्रीनं पाठ वळवून दिली आणि ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. श्रीपतराव उठायला लागले, पण आतून चैत्राची आई दारात येऊन उभी होती आणि तीही अडवत नव्हती, म्हणून ते पुन्हा बसले. चैत्रा दमेपर्यंत मारत राहिली. मग उजव्या हातानं तिनं नाक पुसलं.

"जा आता," ती म्हणाली. "परत येऊ नको."

बसमध्ये गर्दी होती. श्रीपतरावांना जागा मिळाली, मंजुश्री त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. औराद मागं पडल्यावर आजोबांनी विचारलं, "लई लागलं का?"

"व्हय."

"परत जायचं न्हाई मग."

मंजुश्री खिडकीबाहेर बघत होती. "शाळा लागल्यावर एकदा जाते," ती म्हणाली. "मारली तर मारू दे."

श्रीपतरावांनी तिच्याकडं पाहिलं आणि तिला बसायला गुडघ्यावर जागा करून दिली. पाठ टेकवता येत नव्हती, म्हणून ती पुढं झुकून बसली.